स्लिंगशॉट

अमेरिकेत स्लिंगशॉट म्हणजे आपली बेचकी. गोफण नव्हे. गोफण डोक्याभोवती गरगरते. बेचकीत दगड रबराच्या टोकाशी मागे ओढून धरावा लागतो. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी १९५०च्या दशकात घडलेल्या ड्रॅगस्टरला हे नाव मिळाले ते या मागे ओढण्यामुळेच. लांब, काटकुळा सांगाडा, पुढे इंजिन आणि चालक थेट मागच्या चाकांच्याही मागे, बेचकीतल्या खड्यासारखा! वजन मागे गेले की मागची चाके रस्ता घट्ट धरतात, हे त्यामागचे गणित.

पण त्या खड्याला जीव होता. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स सगळे त्याच्या पुढ्यात. तेल उडे ते तोंडावर, आग येई ती अंगावर. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅगस्टर चालक डॉन गार्लिट्स यांच्या 'स्वॅम्प रॅट १३' या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटला. हा माणूस घरी बसला नाही. त्याने इंजिनच उचलून पाठीमागे नेले आणि पुढच्याच वर्षी 'स्वॅम्प रॅट १४' घेऊन कॅलिफोर्नियातल्याच पोमोना इथली शर्यत जिंकली. मला त्या विजयाहून ते धाडस मोठे वाटते.

पुढच्या काही वर्षांत सगळ्यांचीच इंजिने मागे गेली. पुढे इंजिन असलेल्या त्या जुन्या गाड्यांना जाणकार आजही स्लिंगशॉटच म्हणतात.