लांब लेख पुढे कसा जातो?

मोबाइलवर आलेला दोन हजार शब्दांचा लेख तुम्ही पूर्ण वाचून पुढे पाठवता, की मथळा पाहून? लेख पुढे नेणाऱ्याने काय करायचे असते, याचे एक जुने उदाहरण आपल्या छत्तीसगडमध्येच आहे.

माधवराव सप्रे हे मराठीभाषक. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. टिळकांच्या ‘केसरी’तील मराठी लेख त्यात हिंदीत येत. म्हणजे लेख आधी वाचायचा, निवडायचा, त्याचा अनुवाद करायचा आणि छापल्याची जबाबदारी घ्यायची. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्रे यांना अटक झाली.

आज चरोद्यात बसून तुम्ही तेवढाच मजकूर एका बोटाने पुढे ढकलू शकता. कष्ट वाचले, पण त्यांच्याबरोबर वाचनही सुटले. म्हणून ॲप चालवणाऱ्यांनी थोडा अडथळा मुद्दाम परत आणला. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. ट्विटरने २०२० मध्ये, लेख न उघडताच शेअर करणाऱ्याला तो आधी वाचण्याची सूचना द्यायला सुरुवात केली.

अडथळा घाई थांबवतो, निवड मात्र तुम्हालाच करावी लागते. यापुढे लेख पाठवताना तो का वाचावा, हे दोन ओळींत स्वतः लिहा. त्या ओळी सुचत नसतील, तर लेख तुमचाच वाचायचा राहिला आहे.