अलेक्झांड्रिया आणि आपला बोरघाट

इजिप्तला जाऊनही पिरॅमिड न पाहता परत आलेली बाई, अशी आमच्या नातेवाइकांत माझी ख्याती आहे. गेल्या लग्नसराईत एका नव्या सूनबाईला माझी ओळख तशीच करून देण्यात आली. तिने बिचारीने कारण विचारले, पण ते काही पंगतीत बसून सांगण्यासारखे नव्हते. म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे. कारण सांगायला मला थेट कर्जत-खोपोलीपर्यंत यावे लागणार आहे.

२०१० साली मुलाने आम्हा दोघांना भूमध्य समुद्रातल्या जहाजाच्या सफरीवर नेले. त्यात जहाज एक दिवस अलेक्झांड्रियाला थांबणार होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बहुतेक प्रवासी तिथून बसने कैरोला जातात. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. जायला तीन तास, यायला तीन तास, आणि मध्ये पिरॅमिडांची धावती भेट. हे आणि मुलगा त्या बसने गेले. मी म्हटले, मी इथेच राहते. जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला अलेक्झांड्रियात एक आख्खा दिवस मिळतो आहे, तो बसच्या खिडकीत कशाला घालवायचा?

आणि दुसरे, खरे कारण म्हणजे कोंडाणे.

कर्जतच्या मंडळींना कोंडाण्याची लेणी ठाऊक आहेत. बाहेरच्यांसाठी सांगते. सिंहगडाच्या जुन्या नावाशी याचा घोटाळा करू नये. ही लेणी राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कोंदिवड्याहून चढून गेल्यावर दाट झाडीत लागतात. एक चैत्य, शेजारी विहार, सगळे बौद्ध, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेली आहे. मुलांना तिकडे नेले की दरवर्षी एकच प्रश्न यायचा. "बाई, एवढ्या रानात कुणी कशाला कोरले हे?"

उत्तर असे की, तेव्हा ते आडरान नव्हतेच. कल्याण आणि चौल ही आपली जुनी बंदरे. तिथे उतरलेला माल घाटावर नेणाऱ्या वाटा या डोंगरातून वर चढत. वाटेवर भिक्षूंचे विहार, वाटसरूंना आसरा, आणि व्यापाऱ्यांचे विहारांना दान, असा तो सगळा मेळ होता. घाट चढून गेले की कार्ले, भाजे, बेडसे. कार्ल्याच्या चैत्यातले काही खांब यवनांनी दान दिलेले आहेत, आणि तसे त्या खांबांवर कोरून ठेवले आहे. यवन म्हणजे मुळात ग्रीक. मग पश्चिम समुद्रापलीकडचा हा व्यापार कुठून यायचा? त्या वाटेचे दुसरे टोक म्हणजे अलेक्झांड्रिया. म्हणून मला ते गाव पाहायचे होते.

या व्यापाराची हकीकत मोठी सुरस आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची प्रवासवही लिहिली. स्वतःचे नाव त्याने दिलेले नाही. पण आपल्या किनाऱ्यावरचे भडोच, कल्याण, चौल आणि घाटावरचे पैठण, तेर ही नावे त्याने त्याच्या उच्चारात लिहून ठेवली आहेत. अलेक्झांड्रियाहून माल नाईल नदीतून वर कॉप्टोसला जायचा. तिथून उंटांवर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात. प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो की नदीला बारा दिवस लागत आणि वाळवंटाला बारा दिवस, तेही ऊन टाळून बरेचसे रात्री चालून. जुलैच्या सुमारास गलबते सुटत आणि नैर्ऋत्येचे मोसमी वारे त्यांना आपल्याकडे आणून सोडत. म्हणजे आपल्याकडे भाताची लावणी करून देणारा पाऊस आणि ही गलबते, दोन्ही एकाच वाऱ्यावर येत. परतीला ईशान्येचा वारा. स्ट्रेबो लिहितो की त्याच्या काळी मायोस होर्मोस या बंदरातून वर्षाला १२० गलबते हिंदुस्थानकडे निघत. प्लिनी तर कुरकुरतो की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो!

असो. आता त्या दिवसाकडे वळते.

बंदराच्या फाटकाबाहेर काळ्यापिवळ्या टॅक्स्यांची ही झुंबड. अलेक्झांड्रियाच्या टॅक्स्या मुंबईसारख्याच काळ्यापिवळ्या, त्यामुळे निम्मी भीती तिथेच गेली. एका वयस्कर चालकाशी बोटांनी हिशेब करून अर्ध्या दिवसाचे भाडे ठरवले. "इंडिया? अमिताभ बच्चन!" एवढ्या भांडवलावर आमचे उत्तम जमले.

पहिल्यांदा पॉम्पीचा स्तंभ. अस्वानच्या तांबड्या ग्रॅनाइटचा, बैठकीसकट जवळजवळ २७ मीटर उंच. पॉम्पीचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो डायोक्लेशियन बादशहासाठी इ.स. ३०० च्या आसपास उभारला गेला. भोवती सेरापिसचे भव्य मंदिर होते, त्यात मोठ्या ग्रंथालयाची एक शाखा होती. ३९१ साली ते मंदिर उद्ध्वस्त झाले. आता उघडे माळरान, काही स्फिंक्स, आणि एकटा खांब.

मग समुद्राकाठी कैतबेचा किल्ला. आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखा पाण्याला भिडलेला. सुलतान कैतबेने तो १४७७ साली बांधायला घेतला, तो बरोबर जुन्या दीपगृहाच्या जागेवर. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेले हे फारोसचे दीपगृह इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात उभे राहिले. उंची शंभर मीटरांहून जास्त. भूकंपांनी ते हळूहळू ढासळत गेले. इब्न बतूता हा प्रवासी १३२६ साली तिथे गेला तेव्हा त्याची एक बाजू पडलेली होती. १३४९ साली परत आला, तेव्हा आत शिरायलाही वाट उरली नव्हती. १९९० च्या दशकात पाणबुड्यांना किल्ल्याजवळ समुद्राच्या तळाशी हजारो दगड सापडले, त्यांत दीपगृहाचे दगडही असावेत. मी तटावर उभी राहून खाली पाहिले. हिरवे पाणी, आणि गळ टाकून बसलेली पोरे.

म्हणजे ज्यांच्यासाठी हे गाव जगभर गाजले, ते दीपगृह नाही, ते ग्रंथालय नाही, तो अलेक्झांडरही नाही. त्याची कबर अजून कुणाला सापडलेली नाही. ग्रीक-रोमन वस्तुसंग्रहालय तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते (ते २०२३ साली पुन्हा उघडले). नवे ग्रंथालय मात्र २००२ साली समुद्रकाठी उभे राहिले आहे. त्याच्या गोल दगडी भिंतीवर जगातल्या कितीतरी लिप्यांतली अक्षरे कोरलेली आहेत.

दुपारी ताआमिया खाल्ले. वालाच्या जातीच्या कडधान्याचे वडे, पावात घालून. कर्जत स्टेशनच्या वड्याचे लांबचे भावंड म्हणायला हरकत नाही.

मग कोम अल दिक्का. मुख्य रेल्वे स्टेशनजवळच ही जागा आहे. १९६० पासून पोलंडच्या संशोधकांनी इथला ढिगारा उकरला, तेव्हा खाली संगमरवरी पायऱ्यांचे छोटे रोमन नाट्यगृह निघाले. पर्यटक तेवढे पाहून जातात. पण शेजारी जे सापडले आहे, त्याने मला तासभर खिळवून ठेवले. ते म्हणजे चक्क वर्ग! पाचव्या ते सातव्या शतकातले, वीसहून अधिक. प्रत्येक खोलीत तीन बाजूंनी दगडी बाके, टोकाला पायऱ्या चढून गेल्यावर शिक्षकाचे उंच आसन. काही वर्गांत मधोमध एक बुटका दगड आहे. त्याच्यापाशी उभे राहून विद्यार्थी पाठ म्हणत असावा, असा संशोधकांचा तर्क. एका वर्गात साधारण वीस-तीस मुले मावतील. माझ्या वर्गात साठ असायची, ते सोडा. तिथे कोण शिकवत होते, कोण शिकत होते, त्यांची नावे कुठे नाहीत.

आणि तिथे मला कोंडाण्याची ओळ आठवली. चैत्याच्या दर्शनी भागाशेजारी एका भंगलेल्या मोठ्या शिल्पाजवळ ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे. अर्थ एवढाच की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. राजाचे नाव नाही, दान देणाऱ्याचे नाही. कारागिराने आपले नाव घातले, आणि त्याआधी आपल्या गुरूचे. जन्मभर खडू हातात धरलेल्या माणसाला यापरते काय हवे? अलेक्झांड्रियात वर्ग उरले आणि नावे गेली. आपल्या रानात गुरुशिष्यांची नावे उरली.

या दोन टोकांचा संबंध जुन्या काळातच संपला असे मात्र नाही. कोम अल दिक्काच्या जवळच्या त्या स्टेशनाने मला पुढचा धागा दिला. अलेक्झांड्रिया ते कैरो रेल्वे १८५६ साली पूर्ण झाली. आणि आपल्याकडे पळसदरीहून खोपोलीपर्यंत गाडी आली तीही १८५६ सालीच. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी कैरो ते सुएझ. मधला बोरघाट मात्र अजून फोडायचा होता.

आता १८५९ साली विलायतेहून पुण्याला निघालेला माणूस डोळ्यांसमोर आणा. बोटीने अलेक्झांड्रियाला उतरायचे. आगगाडीने कैरोमार्गे सुएझ. तिथून बोटीने मुंबई. मुंबईहून आगगाडीने खोपोली. खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढायचा, आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी. दोन हजार वर्षांपूर्वी जसे, तसेच तेव्हाही अलेक्झांड्रिया आणि आपला घाटपायथा एकाच वाटेवरचे दोन मुक्काम होते. दोन्हीकडे माल-माणसे एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढत, आणि त्या चढउतारावर गाव जगे.

मग वाट वळली. १८६३ साली बोरघाटाची रेल्वे पुरी झाली. ती पळसदरीहूनच वर चढली आणि खोपोली फाट्यावर राहिली. सहा वर्षांनी, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा उघडला. मुंबईच्या बोटी पोर्ट सैदवरून सरळ जाऊ लागल्या आणि हिंदुस्थानच्या वाटेवरून अलेक्झांड्रिया बाजूला पडले. कापसावर ते श्रीमंत राहिले, हा भाग वेगळा. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव भडकले तेव्हा मुंबई आणि अलेक्झांड्रिया दोघींनीही हात धुऊन घेतले होते. आपल्याकडे कर्जतचे नशीब उघडले. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात, त्यासाठी गाडी कर्जतला थांबते, आणि गाडी थांबते म्हणून वडा खपतो!

या वाटा ज्यांनी बांधल्या त्यांचे काय? अलेक्झांड्रियाला नाईलशी जोडणारा महमूदिया कालवा १८२० साली पुरा झाला. वेठीला धरलेले हजारो शेतकरी त्यात मेले. बोरघाटात पटकीने आणि तापाने हजारो मजूर गेले. मोठ्या साहेबांची नावे पुस्तकांत आहेत. या माणसांसाठी बलकासारखी एक ओळही कुणी कोरली नाही.

माझ्या त्या भेटीनंतर बारा वर्षांनी, २०२२ साली, बेरेनिकेच्या उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. ७१ सेंटिमीटर उंच, डोक्यामागे प्रभावळ, शेजारी कमळ. त्याच मंदिरात संस्कृत शिलालेख मिळाला, आणि सातवाहनांची दोन नाणीही. त्याआधी तिथे एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली होती. बातमी वाचून मी मुलाला फोन केला. म्हटले, कार्ल्यात यवनांचे खांब आहेत, आता त्यांच्या बंदरात आपला बुद्ध निघाला. हिशेब पुरा झाला.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्या तालुक्यांकडे लोक वाटेवरची गावे म्हणून पाहतात. पुण्याला जाताना खालापूरचा टोलनाका लागतो, मुंबईला जाताना कर्जतचा वडा. वाटेवरच्या गावाला इतिहास नसतो असे धरून चालतात. खरे तर वाटेवरच्या गावालाच सगळ्या जगाचा इतिहास असतो, पण वाट वळली की तो सांभाळायला कुणी राहत नाही. अलेक्झांड्रियाने दीपगृह गमावले त्याला भूकंप तरी कारण होता. कोंडाण्याच्या भिंतींवर कोळशाने आणि चुन्याने नावे लिहिणाऱ्यांना कुठला भूकंप सांगतो?

पावसाळा सरल्यावर एकदा जाऊन या. कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे, तिथून चढण. पाणी बरोबर घ्या, गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. नातवंडांना नक्की न्या. ती बलकाची ओळ त्यांना दाखवा, आणि विचारा की दोन हजार वर्षांनी आपल्या कुठल्या बाईंचे नाव ती दगडात कोरतील. उत्तर काय येते ते मात्र मला कळवा.