तैलरंगातलं जवस

तैलरंग शिकायचे तर जुन्या उस्तादाचं चित्र समोर ठेवून नक्कल करावी, ही रीत जुनीच आहे. रेम्ब्राँचं १६६२ सालचं कापड-तपासनिसांचं चित्र त्यासाठी उत्तम. सहा माणसं, काळे झगे, पांढऱ्या कॉलरी, मेजावर लाल गालिचा. मागचा नोकर कुठं उभा करावा हे रेम्ब्राँलाही चटकन ठरेना. क्ष-किरणांखाली त्याच्या बदललेल्या जागा दिसतात. शिकाऊ माणसानं दोनदा खोडलं तर बिघडलं कुठं?

या रंगांतलं तेल मात्र वऱ्हाडातल्या तिवसा तालुक्यातल्या कुणालाही परकं नाही. ते जवसाचं. आपण त्याची चटणी खातो.

तैलरंगाचा शोध फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकनं लावला, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीनं १५५० मध्ये लिहिलं आणि लोक ते मानत राहिले. प्रत्यक्षात जवसाच्या तेलात रंग घोटण्याची कृती बाराव्या शतकातल्या थिओफिलसनं लिहून ठेवली आहे, आणि अफगाणिस्तानातल्या बामियानच्या सातव्या शतकातल्या भित्तिचित्रांतही वाळणारी तेलं सापडली आहेत. व्हान आइकचं श्रेय शोधाचं नव्हे, कसबाचं.

सगळी करामत त्या वाळण्यात आहे. हे तेल उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल वापरलं तर चित्र चिकटच राहील. वाळताना ऊबही सुटते, म्हणून ब्रश पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये, आपोआप पेटू शकतो. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ ठेवायचा, वर तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं की तडे जातात. जवसाचं तेल पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या रंगात करडईचं घालतात. तीही वऱ्हाडची जुनी रहिवासी.

युरोप आणि भारत यांच्यातली चित्रांची देवघेव एकतर्फी नव्हती. रेम्ब्राँनं स्वतः १६५६ ते १६६१ च्या सुमारास मुघल लघुचित्रांच्या नकला काढल्या. पुढं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घडलेल्या गोव्याच्या चित्रकार त्रिंदादना ‘पूर्वेचा रेम्ब्राँ’ म्हणू लागले.

युरोपात जवसाच्याच जातकुळीतल्या उंच रोपाच्या धाग्यातून चित्राचं कापडही विणत. आपलं जवस ठेंगणं, फाटे फुटणारं, बियांसाठी पेरलेलं. तेव्हा कॅनव्हास कापसाचाच घ्यावा. लाकडी घाण्याचं तेल आणलं तर काचेच्या बरणीत उन्हात ठेवावं, गाळ तळाशी बसू द्यावा आणि वरचं निवळ तेवढंच रंगात घ्यावं.