बंबवाल्याचें शिक्षण

‘आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं’ ही म्हण मराठींत कोणी प्रथम उच्चारली तें सांगतां येणार नाहीं. परंतु ज्यानें ती उच्चारली, त्यानें आपल्या व्यवहारांतील एक जुनें वैगुण्य अचूक हेरलें होतें यांत शंका नाहीं. तथापि या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, बंब वेळेवर रामेश्वरीं पोंचला असता तर आग खचित विझली असती. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. बंब वेळेवर आले, पाणी मुबलक होतें, माणसें जिवावर उदार झालेलीं होतीं, आणि तरीहि अनर्थ टळला नाहीं, असा दिवस मुंबई शहरानें पाहिला आहे. बंबाबरोबर बंबवाल्याचें शिक्षणहि पोंचावें लागतें, हें ज्या घटनांनीं पटवून दिलें त्यांची हकीकत जालन्यासारख्या कापसाच्या आणि लोखंडाच्या जिल्ह्यानें अवश्य ध्यानांत घ्यावी अशी आहे.

आग विझविणें ही शिकण्याची विद्या आहे, हा विचार फारसा जुना नाहीं. शतकानुशतकें ज्याच्या हातीं घागर तोच आग विझविणारा, अशी जगभर रीत होती. १८२४ सालीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरानें आगीसाठीं एक स्वतंत्र दल उभें केलें आणि जेम्स ब्रेडवुड नांवाच्या चोवीस वर्षांच्या तरुणास त्याचा प्रमुख नेमलें. ब्रेडवुडनें आपलीं माणसें मोठ्या विचारानें निवडलीं. कौलारू, सुतार, गवंडी, नळ जोडणारे, असे घराची रचना जाणणारे कारागीर त्यानें घेतले, आणि शहर जागें होण्यापूर्वीं, पहाटेच्या वेळीं, तो त्यांची कवाईत घेऊं लागला. रस्त्यांत उभें राहून धुरावर पाणी उडविणें व्यर्थ आहे. आंत शिरून आगीच्या मुळाशीं पाणी पोंचविलें पाहिजे, हें त्याचें मुख्य सूत्र होतें. १८३३ सालीं तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. २२ जून १८६१ रोजीं टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली. त्या वखारींत ताग आणि कापूस खच्चून भरलेला होता. तेथें एक भिंत कोसळून ब्रेडवुड ठार झाला.

मुंबईंतहि हा विचार हळूहळूच रुजला. १८०३ सालच्या प्रचंड आगींत कोटांतील वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. तरीसुद्धां पुढें कित्येक वर्षें आग विझविण्याचें काम पोलिसांच्या हाताखालीं, इतर कामें सांभाळून, चालत राहिलें. १ एप्रिल १८८७ पासून तें नगरपालिकेकडे आलें, आणि पूर्ण वेळ काम करणाऱ्या दलावर लंडनच्या दलांतील एक अनुभवी अधिकारी प्रमुख म्हणून आणण्यांत आला. अशा रीतीनें ब्रेडवुडची परंपरा मुंबईच्या बंबखान्यांत पोंचली.

या दलाची खरी कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजीं लागली. व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज उभें होतें. त्यांत सुमारें १४०० टन दारूगोळा होता, आणि वाटेंत कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारों गांसड्या होत्या. दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांत खालीं कापूस व त्यावरील मजल्यावर स्फोटक द्रव्यें, अशी रचना होती. दुपारीं दोनच्या सुमारास कापसांतून धूर निघूं लागला. बंब आले, नळ्या जोडल्या गेल्या, नऊशें टनांहून अधिक पाणी कोठारांत ओतलें गेलें. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि सुमारें अर्ध्या तासानें त्याहूनहि भयंकर असा दुसरा. त्याचा हादरा दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेंकडों नागरिक मृत्युमुखीं पडले. बंबदलाचे ६६ लोक कर्तव्य करीत असतांना धारातीर्थीं पडले.

त्या दिवशीं शौर्याची उणीव खास नव्हती. उणीव होती ती दोन गोष्टींची. पहिली, एकाच्या हुकमाची. जहाजाचा कप्तान, दारूगोळ्याचा अधिकारी, गोदीचे अधिकारी आणि बंबदलाचे प्रमुख हे सर्व तेथें उपस्थित होते. पण जहाज जागेवरच बुडवावें कीं ओढून समुद्रांत न्यावें, याचा निर्णय करण्याचा निर्विवाद अधिकार कोणाच्याच हातीं नव्हता, आणि दोन अमोल तास निघून गेले. दुसरी उणीव आगीच्या स्वभावाच्या ज्ञानाची. दाबून बांधलेल्या गांसडीच्या पोटांत पाणी सहजासहजीं शिरत नाहीं. वरून विझलेली दिसणारी गांसडी आंत धुमसत राहते. शिवाय कापूस पाण्यावर तरंगतो. कोठारांत जसजसें पाणी चढलें, तसतशा जळत्या गांसड्या वरच्या दारूगोळ्याकडे उचलल्या गेल्या, असा या घटनेच्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. जें पाणी तारणारें मानलें, तेंच घातास साहाय्यभूत झालें!

१४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. परंतु हुतात्म्यांचें खरें स्मारक शिक्षणसंस्थांच्या रूपानें उभें राहिलें असें म्हणावें लागेल. स्वातंत्र्यानंतर १९५५ सालीं केंद्र सरकारनें अग्निशमनविषयक सल्लागार समिति नेमली. १९५६ सालीं उत्तर प्रदेशांतील रामपूर येथें राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झालें, आणि १९५७ सालीं तें नागपुरास आलें. निरनिराळ्या राज्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच पद्धतीचें शिक्षण मिळावें, म्हणजे संकटाच्या वेळीं एकाची आज्ञा दुसऱ्यास कळेल, हा त्यामागील मोठा लाभ होय. योगायोग असा कीं, निजामाच्या राज्यांतून १९४८ सालीं मुक्त झालेला मराठवाडा आणि नागपूरसह विदर्भ हे दोन्ही प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ रोजीं एकाच मुंबई राज्यांत दाखल झाले. जालना आणि नागपूर यांचा राज्यसंबंध जुळला तो असा.

जालना त्या काळीं औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं, आणि शहराची महानगरपालिका झाली ती २०२३ सालीं. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही या गांवाची जुनी ख्याति. त्या सोन्याला आगीचें भय दोन बाजूंनीं आहे. एक कापूस. सरकी काढण्याच्या कारखान्यांत कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रावर आपटून ठिणगी उडते, आणि पाहतां पाहतां गंजी पेटते. दुसरें पोलाद. सळया करणाऱ्या कारखान्यांच्या भट्ट्यांत लोखंड वितळत असतें. पाण्याची वाफ झाली कीं तिचा आकार सुमारें १७०० पटींनीं वाढतो. वितळलेल्या धातूखालीं पाणी सांपडलें तर त्याचा स्फोटच होतो. म्हणजे एका कारखान्यांत पाणी पुरेसें नाहीं, आणि दुसऱ्यांत तें घातक आहे. हा विवेक धैर्यानें येत नाहीं, शिक्षणानें येतो. त्यांत जालना हा अवर्षणाचा जिल्हा. १९७२ आणि २०१२-१३ या वर्षांचे दुष्काळ ज्यांनीं सोसले, त्यांना पाण्याचें मोल सांगावयास नको. थोडें पाणी नेमक्या जागीं मारणें ही येथें निकडीची गरज होय.

हें शिक्षण आज कोठें मिळतें? महाराष्ट्र राज्याची अग्निशमन सेवा अकादमी मुंबईस सांताक्रूझ भागांत आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या तरुणांसाठीं तिचा अग्निशामकाचा पाठ्यक्रम सहा महिन्यांचा असतो. बंबवाल्याच्या प्राथमिक शिक्षणांत नळी उलगडणें व गुंडाळणें, शिडी लावणें, दोराच्या गांठी मारणें, पंप चालविणें, श्वसनयंत्र लावून धुरांत शिरणें, मूर्च्छित माणसास खांद्यावर घेऊन उतरणें, असे विषय येतात. कवाइतींत प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकाचें काम ठरलेलें असतें. पाहणाऱ्यास हा खेळ वाटेल. पण १९४४ सालीं गोदींत जी एकसूत्रता नव्हती, तिचीच ही बाराखडी आहे. धुरांत उभें न राहतां जमिनीलगत सरपटावें, बंद दार उघडण्यापूर्वीं तें हाताच्या पाठीनें चांचपून पाहावें, या गोष्टी वाचून कळतात; अंगवळणीं पडतात त्या शंभरदां केल्यानेंच.

१ जुलै २०२३ रोजीं उत्तररात्रीं, जालन्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजाजवळ समृद्धि महामार्गावर एक प्रवासी गाडी उलटून पेटली. २५ प्रवासी जळून मेले. जे थोडे वांचले, त्यांतील कांहीं खिडकीची कांच फोडून बाहेर पडले होते. अशा वेळीं जवळचा बंबहि दूरच ठरतो. पहिल्या चार क्षणांत जो जवळ असेल, त्याच्या ज्ञानावर सर्व अवलंबून असतें. म्हणून हें शिक्षण केवळ बंबखान्यापुरतें ठेवून भागणार नाहीं. कारखान्याचा रखवालदार, गाडीचा चालक, महाविद्यालयांतील विद्यार्थी, यांना त्याचीं प्राथमिक अंगें तरी आलींच पाहिजेत.

नागपूर एका टोकास, मुंबई दुसऱ्या टोकास, आणि त्यांच्या मध्यें जालना, अशी ही भौगोलिक स्थिति आहे. विद्यापीठें सोमेश्वरीं असण्यास हरकत नाहीं. परंतु तेथें शिकलेलीं माणसें आणि त्यांनीं शिकविलेलीं माणसें रामेश्वरीं नांदलीं पाहिजेत. त्या ६६ वीरांनीं आपल्या प्राणांचें मोल देऊन जो पाठ लिहून ठेवला, तो ज्या गांवीं कापूस सांठतो आणि लोखंड वितळतें, त्या गांवीं गिरविला जावा, हेंच त्यांचें उचित तर्पण होय.