ताडपत्रापासून पडद्यापर्यंत : ज्ञानसाधनांचा प्रवास

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली आहेत. त्यांपैकी शास्त्रदानाची रीत काळानुसार सतत पालटत आली. कधी ते गुरुमुखातून घडले, कधी ताडपत्रावर कोरलेल्या अक्षरांतून, कधी छापखान्यातून. आणि आता ते संगणकाच्या पडद्यावरून व हातातल्या मोबाईलवरूनही घडू लागले आहे. पाठशाळा, वसतिगृहे व विद्यालये चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे आज प्रश्न उभा आहे, की या नव्या साधनाला अध्यापनात कोणते स्थान द्यावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना समाजाचा स्वतःचा इतिहासच उत्तम मार्गदर्शक ठरतो.

श्रुताकडून लेखनाकडे

भगवान महावीरांची वाणी कित्येक शतके केवळ स्मरणाच्या बळावर टिकली. म्हणूनच तिला 'श्रुत' म्हणतात. ग्रंथ बाळगणे हा अपरिग्रही साधूला परिग्रह वाटे. शिवाय पोथीच्या पानांत सूक्ष्म जीवांची विराधना होण्याची भीती असे. परंतु दुष्काळ आणि स्मरणशक्तीचा ऱ्हास यांमुळे श्रुत लुप्त होऊ लागले, तेव्हा पूर्वसूरींनी निर्णय बदलला. दिगंबर परंपरेनुसार गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना आपले ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम ग्रंथबद्ध झाला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी हे त्याचेच स्मरण होय. श्वेतांबर परंपरेत देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली इसवी सनाच्या पाचव्या शतकात वलभी येथे आगम लेखनबद्ध झाले. त्या परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी साजरी होते. दोन्ही परंपरांनी नवे साधन स्वीकारले ते हौसेखातर नव्हे, ज्ञान वाचविण्यासाठी.

मूडबिद्रीचा धडा

लेखनाने ज्ञान सुरक्षित झाले, पण ते सर्वांपर्यंत पोहोचलेच असे नाही. षट्खंडागम आणि त्यावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका यांची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत शतकानुशतके जपली गेली. यात्रेकरू दुरून दर्शन घेत, मस्तक लववीत आणि परत जात. जुन्या कन्नड लिपीतील ही पत्रे वाचणारे जाणकार मात्र विरळ होत चालले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी या ग्रंथांच्या नकला व्हाव्यात म्हणून प्रयत्न केले. नकलांचे हे काम पाव शतकाच्या आसपास चालले. पुढे अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचे संपादन हाती घेतले. हिंदी अनुवादासह पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे दोन दशकांत एकंदर १६ भाग पूर्ण झाले.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. ताडपत्रे नष्ट झालेली नव्हती, चोरीस गेलेली नव्हती, त्यांची पूजाही होत होती. तरीही अभ्यासकांच्या दृष्टीने तो ग्रंथ जणू नव्हताच. जतन आणि अध्ययन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मूडबिद्रीने शिकविले.

छापखान्याचा वाद

मुद्रणाचा स्वीकारही सहज झाला नाही. शाई व सरस यांची अशुद्धता, छापील पाने रद्दीत जाण्याने होणारी आशातना, कोणाच्याही हाती शास्त्र पडण्याची धास्ती, असे आक्षेप श्रद्धेपोटीच घेतले गेले. तरीही मुर्शिदाबादचे राय धनपतसिंह यांनी आगम छापविले, तर सोलापुरात 'जैन बोधक' या नियतकालिकाने मराठी वाचकांशी संवाद सुरू केला. पुढे सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग निघाला. त्याच्या संपादकांपैकी एक डॉ. आ. ने. उपाध्ये हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राकृतचे प्राध्यापक होते. ज्या शास्त्रांच्या मुद्रणाला एके काळी विरोध झाला, त्यांच्याच छापील प्रती आज मंदिरांत आदराने चौरंगावर ठेवल्या जातात.

मात्र पुस्तक छापले म्हणजे गरीब विद्यार्थी शिकला, असे होत नाही. त्यासाठी छप्पर, भोजन आणि मार्गदर्शक लागतो. १८९९ मध्ये स्थापन झालेली दक्षिण भारत जैन सभा, मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय यांसारख्या संस्थांनी वसतिगृहांच्या द्वारा ही उणीव भरून काढली. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना शिक्षणाचे दार उघडले. साधन विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणून देणे हेही शास्त्रदानच, हा विचार त्यांच्या कार्यातून प्रत्यक्षात उतरला.

संगणकाचे आगमन

यंत्राच्या साह्याने ग्रंथरक्षणाचा प्रारंभ छायाचित्रणाने झाला. १९५० च्या सुमारास मुनी पुण्यविजयजींनी जैसलमेरच्या ज्ञानभांडाराची नव्याने व्यवस्था लावली, त्या वेळी महत्त्वाच्या हस्तलिखितांचे मायक्रोफिल्मही घेण्यात आले. गांधीनगरजवळील कोबा येथील आचार्य श्री कैलाससागरसूरी ज्ञानमंदिरात दोन लाखांहून अधिक हस्तलिखिते असून त्यांच्या सूचीसाठी संगणकाचा पद्धतशीर वापर झाला आहे. उत्तर अमेरिकेतील जैन संघांच्या 'जैना' या महासंघाशी संलग्न जैन ई-लायब्ररीवर हजारो ग्रंथ विनामूल्य उपलब्ध आहेत. भारत सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन आरंभिले. २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मिशनची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

येथेही मूडबिद्रीचा धडा उपयोगी पडतो. पानाचे नुसते छायाचित्र संगणकाच्या लेखी केवळ चित्र असते. त्यातील एखादा शब्द शोधता येत नाही. त्यासाठी मजकूर अक्षररूपाने संगणकात यावा लागतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्यात मोठे कार्य केले. तथापि अनेक वर्षे प्रत्येक मुद्रणालयाचा फॉन्ट निराळा असे आणि एका ठिकाणी जुळविलेला मजकूर दुसरीकडे निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोडच्या प्रसाराने ही अडचण दूर झाली. जुन्या फॉन्टमधील मराठी जैन साहित्य मात्र अद्याप रूपांतराची वाट पाहत आहे. वाचता न येणारी फाईल आणि वाचता न येणारे ताडपत्र यांत फारसे अंतर नाही.

वर्गातील पडदा

महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता गावोगावी नेली. २०१७ मध्ये केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे अध्ययनाचे व्यासपीठ सुरू झाले. पण सर्वांत बोलके उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड देऊन कविता, चित्रफिती आणि गृहपाठ मुलांपर्यंत पोहोचविले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. यंत्र साधेच होते. कोणत्या मुलाला कोणत्या पानावर काय अडते, हे जाणणारा शिक्षक त्यामागे होता.

त्याच वर्षी कोरोनाच्या महामारीने शाळा व पाठशाळा बंद झाल्या. प्रवचने, प्रतिक्रमण आणि बालसंस्कारवर्ग पडद्यावर आले. दूरदेशी गेलेल्या कुटुंबांची मुले आपल्या गावच्या पाठशाळेत बसू शकली, हा लाभ मोठाच. परंतु दुसरी बाजूही दिसली. 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांच्या घरांत स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. तथापि फोन असलेल्या घरांतील २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. पूर्वी वसतिगृहांनी दूर केलेली विषमता नव्या रूपात पुन्हा उभी राहिली.

स्वाध्यायाची पाच अंगे

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचना म्हणजे पाठ देणे-घेणे, पृच्छना म्हणजे शंका विचारणे, अनुप्रेक्षा म्हणजे चिंतन, आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारासह आवृत्ती आणि धर्मोपदेश म्हणजे इतरांना सांगणे. नव्या साधनांची पारख करण्यास ही कसोटी पुरेशी आहे. वाचनेसाठी ग्रंथ आज क्षणात समोर येतो. आम्नायासाठी शुद्ध उच्चाराचे ध्वनिमुद्रण मूल दहा वेळा न कंटाळता ऐकू शकते. धर्मोपदेश सातासमुद्रापार पोहोचतो. पृच्छनेला मात्र शंका ऐकणारा, तिच्यामागचे मन ओळखणारा गुरू हवा. उत्तरे देणारी यंत्रे आली तरी विद्यार्थी ते उत्तर पडताळतो की नाही, हे पाहणारा माणूस लागतोच. आणि अनुप्रेक्षा तर ज्याची त्यानेच, पडदा बाजूला ठेवून, करावयाची असते. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही तंत्रज्ञान हे शिक्षकाला पूरक असावे, त्याने प्रत्यक्ष शिकविण्याची जागा घेऊ नये, असेच म्हटले आहे.

सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने समाजाने काही कामे हाती घ्यावयास हवीत. मंदिरांच्या कपाटांतील हस्तलिखितांची नोंद व छायाचित्रण व्हावे. जुने मराठी जैन साहित्य युनिकोडमध्ये यावे. ज्येष्ठांच्या मुखातील स्तवने, आरत्या व पाठ ध्वनिमुद्रित व्हावेत. ज्या घरी मुलाला साधन मिळत नाही, त्या घरासाठी पाठशाळेत अभ्यासकक्ष असावा. या सर्वांबरोबर, किंबहुना सर्वांआधी, पाठशाळेच्या शिक्षकाच्या प्रशिक्षणावर आणि मानधनावर खर्च व्हावा. येत्या श्रुतपंचमीला व ज्ञानपंचमीला ग्रंथपूजन होईलच. त्या दिवशी पूजेतील एक ग्रंथ उघडून मुलांसमवेत त्याची चार पाने वाचली जावीत आणि त्यांच्या शंकांना पुरेसा वेळ दिला जावा.