अमर जवान स्मारक-विटंबना, मुंबई (२०१२)

मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसनजीक, आझाद मैदानालगत उभ्या असलेल्या अमर जवान स्मारकाची ११ ऑगस्ट २०१२ रोजी जमावाने केलेली नासधूस व तिच्यामुळे उसळलेला लोकक्षोभ. हे स्मारक १८५७ साली याच परिसरात तोफेच्या तोंडी दिलेल्या सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोन शिपायांच्या स्मृतीशी निगडित आहे. क्षोभाच्या काळात जी भाषणे झाली व जे मजकूर छापले गेले, त्यांत स्मारकाचा उल्लेख वारंवार आला; ज्यांचे ते स्मारक, त्यांची नावे मात्र मागेच राहिली. म्हणून या नोंदीत त्यांच्या वृत्तान्ताला प्रथम स्थान दिले आहे.

स्मृतिविषय : १८५७ च्या पावसाळ्याअखेर, उत्तर हिंदुस्थानातील उठावाच्या वार्ता मुंबईच्या पलटणींत पोहोचल्या असता, मरीन बटालियन व दहावी देशी पायदळ पलटण यांतील काही शिपायांनी गंगाप्रसाद नावाच्या इसमाच्या घरी रात्री खलबते आरंभली. दिवाळीच्या धामधुमीत शहरात उठाव करावा असा त्यांचा बेत असल्याचे सरकारी कैफियतीत म्हटले आहे. शिपायांची स्वतःची कैफियत कोणी लिहून ठेवलेली नाही, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने क्षणभरही विसरता कामा नये. शहराचा पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याला या बैठकांचा सुगावा लागला, तेव्हा त्याने गंगाप्रसादाला ताब्यात घेतले आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्रे पाडवून, अंधारात त्या छिद्रांना डोळा व कान लावून, आतले बोलणे स्वतः ऐकले. पुढे मरीन बटालियनचा सेनाधिकारी मेजर बॅरो यालाही त्याने तेथे आणून बसविले, आणि ज्यांच्या इमानाची बॅरोला शाश्वती वाटत होती, त्याच आपल्या शिपायांचे चेहरे त्याला त्या छिद्रांतून दिसले. हे वर्णन मुख्यतः फोर्जेटच्याच लेखणीतून उतरले असल्यामुळे त्यात स्वतःच्या चातुर्याची भलावण किती व वस्तुस्थिती किती, याचा निवाडा सावधपणेच करावा लागतो. लष्करी न्यायासनासमोर चौकशी होऊन मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया (इंग्रजी दप्तरात या आडनावाची रूपे निरनिराळी आढळतात) यांना देहान्त शासन ठरले. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, दिवाळी दोन दिवसांवर आली असता, एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानात पलटणी उभ्या करून त्यांच्या देखत दोघांनाही तोफेच्या तोंडी बांधून उडविण्यात आले. आजचे आझाद मैदान हा त्याच एस्प्लनेडचा एक तुकडा होय. अशा मरणात आप्तेष्टांच्या हाती दहनाला अगर दफनाला देह उरत नाही. एक हिंदू व एक मुसलमान अशा या दोघा शिपायांना ना चिता लाभली, ना कबर. त्यांच्या नावे उभारलेल्या दगडाचे मोल या वस्तुस्थितीच्या प्रकाशात जोखले पाहिजे.

त्याच हंगामात खान्देशातही वणवा पेटला होता. सेंधवा घाटाच्या रखवालीवर पूर्वी सरकारी चाकरीत असलेला भिल्ल नाईक खाज्या याने नोव्हेंबर १८५७ मध्ये त्याच घाटात सरकारी खजिना लुटला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे त्याच्या माणसांची कंपनीच्या फौजेशी मोठी लढाई झाली. १८२५ साली आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावी भिल्लांची जी पलटण उभारली, तिचा गौरव त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांतून पानोपानी आढळतो. आंबापाणीस पडलेल्यांच्या वाट्याला तेथे ‘बंडखोर’ ही एकच उपाधी आली. सय्यद हुसेन व मंगल गाडिया यांची स्थिती याहून वेगळी नव्हती. ज्या सरकारची चाकरी त्यांनी केली त्या सरकारच्या दप्तरी ते गुन्हेगार होते, आणि त्यांना शहीद म्हटले जाण्यास स्वतंत्र भारत अस्तित्वात यावा लागला.

घटना : आसाम व म्यानमार येथील मुस्लिमांवरील हिंसाचाराच्या निषेधार्थ आझाद मैदानावर भरलेल्या सभेला दंगलीचे स्वरूप आले. तीत दोघे मृत्युमुखी पडले, पन्नासांहून अधिक जखमी झाले व जखमींत पोलिसांचा भरणा मोठा होता. वृत्तवाहिन्यांच्या गाड्या जाळण्यात आल्या, महिला पोलिसांशी असभ्य वर्तन झाले आणि स्मारकाची मोडतोड झाली. चिथावणी कोणाची व पूर्वतयारी किती, याविषयी परस्परविरोधी प्रतिपादने आहेत.

लोकप्रतिक्रिया : दंगलीच्या असंख्य दृश्यांपैकी स्मारकावर लाथ उगारलेल्या एका तरुणाचे छायाचित्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले, आणि मृतांच्या अगर जखमींच्या आकड्यांनी जे झाले नसते ते त्या एका चित्राने केले. अनेक मुस्लिम संघटनांनी व नागरिकांनीही या कृत्याचा निषेध केला. भग्न झालेल्या स्मारकावरील एक नाव सय्यद हुसेन हे होते, याचे स्मरण त्या वेळी मोठ्या आवाजात दिले गेले असते, तर वादाचा पुष्कळसा विखार तेथेच ओसरला असता असे आमचे मत आहे. २१ ऑगस्ट रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी गिरगाव चौपाटीपासून आझाद मैदानापर्यंत मोर्चा नेऊन गृहमंत्री आर. आर. पाटील व पोलीस आयुक्त अरुप पटनाईक यांच्या राजीनाम्याची मागणी केली. मोर्चाअखेरच्या सभेत गणवेशातील एका पोलीस शिपायाने व्यासपीठावर येऊन त्यांना गुलाबाचे फूल दिले. शिस्तीच्या दृष्टीने त्यावर टीका झाली, तथापि पोलीस दलाच्या मनातली खदखद त्या एका फुलातून उघड झाली हेही खरे. दोनच दिवसांनी पटनाईक यांची बदली होऊन सत्यपाल सिंह आयुक्तपदी आले. पुढे छायाचित्रातील संशयितास बिहारमध्ये अटक झाली असता, स्थानिक पोलिसांस खबर न देता ती केल्याबद्दल बिहारच्या मुख्य सचिवांनी आक्षेप घेतला, त्यावर मुंबईतून तीव्र वक्तव्ये झाली, आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच वाद दोन प्रांतांमधल्या मानापमानाचा होऊन बसला.

कायदा : राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम राष्ट्रध्वज, संविधान व राष्ट्रगीत यांस संरक्षण देतो, सैनिकांची स्मारके त्यात नामनिर्देशित नाहीत. तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या २९५ व्या कलमात ‘पवित्र मानलेली वस्तू’ असा शब्दप्रयोग होता, व १९५८ साली एका गणेशमूर्तीच्या भंगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ उदारपणे लावला. परंतु त्या कलमाला धर्माच्या अवमानाचा हेतू आवश्यक असल्याने लौकिक स्मारक त्याच्या कक्षेबाहेर राहत असे. उरते ते आगळिकीचे सामान्य कलम आणि सार्वजनिक मालमत्तेच्या हानीसंबंधीचा १९८४ चा अधिनियम, ज्यांच्या लेखी मोडलेले स्मारक व मोडलेला बसथांबा यांत तत्त्वतः भेद नाही.

पूर्वपरंपरा : महाराष्ट्रातील वीरगळांवर चंद्र-सूर्य कोरण्याची रूढी होती, ते असेतोवर वीराची कीर्ती राहावी हा तिचा आशय. दानभूमीचा उपमर्द करणाऱ्यास शापवचन देणारे गद्धेगळ प्रसिद्धच आहेत.

खान्देशातील स्थिती : मुंबईबाहेरच्या जवान-स्मारकांचे उदाहरण म्हणून खान्देशाकडे पाहता येते. धुळे व जळगाव जिल्ह्यांत धारातीर्थी पडलेल्या जवानाचे पार्थिव गावी येते तेव्हा पंचक्रोशी लोटते. चाळीसगाव तालुक्यातील पिंपळगावचे यश देशमुख यांना २६ नोव्हेंबर २०२० रोजी श्रीनगरनजीक वीरगती प्राप्त झाली, त्या वेळीही हेच दिसले. गावोगावची अशी स्मारके साधीच असतात : शाळेजवळ वा वेशीपाशी सिमेंटचा चौथरा, वर लष्करी टोपीतला अर्धपुतळा, खाली काळ्या फरशीवर नाव, पलटण, जन्म व वीरमरण यांच्या तारखा. स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांसाठी शासनाने १९८० नंतरच्या वर्षांत बांधलेली स्मारके याहून मोठी आहेत. त्यांपैकी पुष्कळांना वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असते, भिंतींचा गिलावा सुटत चालला आहे, व त्यांविषयी मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. चौथऱ्यावरच्या पुतळ्याची धूळ मात्र घरचे कोणी ना कोणी, बहुधा आई किंवा भावजय, सणावारी पदराने पुसते.