फोर्जच्या गेटवर

इतिहास राजांचा लिहितात. लोखंडाचा कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितोय.

दोस्तहो, आपल्या हट्ट्यासारख्या गावात लोखंड लोहाराच्या भात्यापाशी. फाळ त्यानं घडवायचा, मेलेलं ढोर आपल्या बापजाद्यांनी ओढायचं. १९४८ ला निजाम गेला, ही वाटणी राहिली. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. धागा तोंडाला लागतो म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला.

१९६१ साली नीलकंठराव कल्याणींनी पुण्यात भारत फोर्ज काढली. कारखाना मुंढव्याला. ओतकामात वितळलेलं पोलाद साच्यात ओततात. इथं घडाई. पोलादाचा ठोकळा बाराशेएक अंशांपर्यंत लाल करायचा, डायमध्ये ठेवून ठोकायचा, की ट्रकचा क्रँकशाफ्ट तयार. हॅमरवर मनगटं लागायची. तापलेलं पोलाद जात विचारत नाही.

पुढं १९९० च्या सुमारास १६,००० टनांचा प्रेस आला. अंगमेहनतीची माणसं कमी, शिकलेले इंजिनिअर जास्त, हे धोरण आलं. २००४ मध्ये जर्मनीतली कंपनी विकत घेण्याइतकी भारत फोर्ज वाढली. गेटवर आता मनगट बघत नाहीत, सर्टिफिकेट बघतात.

आणि इथंच आपली गोची आहे. संविधानाचं कलम १६(४) सरकारी नोकरीपुरतं. खाजगी कारखान्यात राखीव जागा नाही, असं आपण धरून बसलो. पण १९६१ चाच आणखी एक कायदा आहे, शिकाऊ उमेदवारांचा. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात कलम ३-अ आलं. मालक खाजगी असला तरी ठरलेल्या प्रत्येक ट्रेडमध्ये त्यानं अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखायच्या, राज्यातल्या लोकसंख्येच्या हिशोबानं. मेख कलम २२ मध्ये आहे. शिकवल्यावर नोकरी द्यायचं बंधन नाही. २०१४ पासून भरतीचं धोरण मालकानंच ठरवायचं. म्हणजे भट्टीपाशी उभं करायचं आणि वर्ष भरलं की गेटबाहेर!

आयटीआय झालेली आपली पोरं हट्ट्याहून पुण्याची गाडी धरतात. खिशात सर्टिफिकेट असतं, हे कलम कुणी सांगितलेलं नसतं. शिकाऊंच्या नोंदी मालकानं ठेवायच्या आणि त्यांची माहिती सरकारला द्यायची, असं कलम १९ सांगतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. तवा कोणत्याही फोर्जवर मोर्चा नेण्याआधी एक अर्ज टाका. शिकाऊ किती घेतले? त्यात आपले किती? आणि कायम किती झाले?

तिसऱ्या आकड्यासाठी कायदा आपल्याला लढून मिळवावा लागंल.